कूलरआडून ऐकलेलं पेअरिंग

कूलरमध्ये पाणी टाकायला म्हणून शामलाताई मागच्या गॅलरीच्या दारापाशी गेल्या आणि भरलेली बादली तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

गॅलरीत त्यांची सून वेदिका पाठमोरी उभी होती. फोन कानाला. गुढी उतरून दोनच दिवस झाले होते, पण नागपूरचा चैत्र तो; दुपारची फरशी तळपायाला चटके देत होती. आणि ही पोरगी घरातली गार हवा सोडून त्या फरशीवर या पायावरून त्या पायावर होत बोलत होती. कूलरच्या घरघरीतून तुकडे तुकडे कानावर येत होते.

“विक्रम, ऐक ना. मला हे पेअरिंग नकोच आहे… नाही रे, दोन रात्री बाहेर… प्रीती तयार आहे ना! तिचं मला दे, माझं तिला दे. एवढं बदलून दे. तुझ्याशिवाय कोण करणार माझं?”

मग ती हसली. हलकेच, गळ्यातल्या गळ्यात.

बादलीतलं पाणी साडीवर हिंदकळलं तेव्हा शामलाताई भानावर आल्या. कूलर तसाच कोरडा ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पाटावर बसून राहिल्या. दोन रात्री. तिचं मला, माझं तिला. आणि हा विक्रम!

हे नाव काही त्या आज पहिल्यांदा ऐकत नव्हत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अश्विन मिहानमधल्या एका कंपनीत होता. मार्गशीर्षात त्याचं लग्न झालं आणि संक्रांतीनंतर कंपनीनं त्याला काही महिन्यांसाठी बंगळुरूला धाडलं. नवी सून घरी, मुलगा दूर. सून विमानात, हवाई सुंदरी. पाहुण्यारावळ्यांत शामलाताई एवढंच सांगायच्या, “विमानात आहे,” आणि विषय बदलायच्या. कारण विमानात असणं म्हणजे नेमकं कधी असणं, हे त्यांनाच उमगलं नव्हतं.

त्यांचे यजमान मधुकरराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते ठरल्या वेळी डबा घेऊन निघायचे आणि डबा घेऊन परत यायचे. त्यांच्या स्कूटरच्या आवाजावर शेजारच्या बाया कुकर लावायच्या. अशा घरात ही वेदिका आली. कधी दूधवाल्याच्या आधी बाहेर पडणार, कधी भर दुपारी. कधी सकाळी येऊन पडदे ओढून संध्याकाळपर्यंत झोपणार. तिला ना सण होता, ना रविवार.

त्याहून विचित्र ते ‘स्टँडबाय’. त्या दिवशी वेदिका अंबाडा घालायची, एकेक पिन लावून असा की वाऱ्यालाही केस सापडू नये. चेहरा रंगवायची. बॅग दाराशी ठेवायची आणि गाऊनवरच सोफ्यावर बसून राहायची. फोन हातात. कीर्तनाला चल म्हटलं तर नाही, भाजीला चल म्हटलं तरी नाही.

“अवो, ही नटून बसते आन् जात तर कुठंच नाही,” शामलाताईंनी एकदा नवऱ्याला विचारलं होतं.

“ड्यूटी आहे तिची. स्टँडबाय.”

“सोफ्यावर कोणती ड्यूटी असते?”

मधुकररावांनी चष्मा कपाळावर चढवला. “स्टँड म्हणजे उभं राहणे. बाय म्हणजे बाजूला. आता ही बसून राहिली, हा भाग वेगळा.”

आणि मग कधीतरी त्या हातातल्या फोनवर बोलावणं यायचं. “हो विक्रम. चालेल विक्रम. निघाले, गाडी पाठव.” की ही गाऊन टाकून, कपडे बदलून, उंच टाचा खाडखाड वाजवत जिना उतरलीच. दारात पांढरी गाडी. गाडी विक्रमचीच असणार, दुसऱ्या कोणाची?

अश्विननं जाण्याआधी आईला बजावलं होतं, “आई, तिला नागपूर बेस कच्चा मिळालाय. बेस म्हणजे तिचं ठाणं. आधी दिल्ली होतं, लग्नासाठी मागून घेतलं. सहा महिने एकही गैरहजेरी नको, नाहीतर परत दिल्ली. तिला सांभाळून घे गं.” शामलाताईंनी मान डोलावली होती. पण बेस आणि ठाणं त्यांच्या डोक्यातून केव्हाच गेलं. लक्षात राहिला तो विक्रम.

रात्रीचं जेवण वाढताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “पेअरिंग म्हणजे काय होते हो?”

“पेअर म्हणजे जोडी,” मधुकरराव वरणात भात कालवत म्हणाले. “पेअरिंग म्हणजे जोड्या लावा. शाळेत नव्हता का प्रश्न? अ गट, ब गट. पाच गुण.”

शामलाताईंच्या हातातली पळी वरणात बुडाली.

*

दुसऱ्या दिवशी त्या राममंदिरात गेल्या. रामाचं नवरात्र सुरू होतं. त्रिमूर्तीनगरातलं हे छोटंसं देऊळ, पण नऊ दिवस कीर्तन चुकायचं नाही. यंदा केशवबुवा आले होते. काय तो गळा! नुसतं नमन धरलं तरी अंगणातल्या कडुनिंबाखाली चपला राखणारा माणूससुद्धा उठून उभा राहायचा.

शामलाताईंची जागा ठरलेली, पेटीवाल्याच्या उजव्या हाताला. खाप्याच्या माहेरी वडिलांच्या मांडीवर बसून त्यांनी पहिलं कीर्तन ऐकलं, तेव्हापासून हा कान तयार झालेला. टाळी कुठे पडणार, बुवा पद कुठे सोडणार आणि कथेला कुठे हात घालणार, त्यांना आधी कळायचं. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात बुवा विचार मांडतात, उत्तररंगात त्याच विचाराची कथा लावतात. मधे बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. तेवढ्या गडबडीत काही मंडळी हळूच चपला शोधायला निघतात. शामलाताईंना त्यांचा मनस्वी राग. “अर्ध्या कानाचे,” त्या म्हणायच्या. “विचार ऐकला आन् कथा सोडली. घरी जाऊन काय सांगतीन हे लोकं?”

पण आज त्यांचंच मन लागेना. बुवा रंगात आले होते, सगळं देऊळ एका तालात टाळ्या देत होतं, आणि शामलाताईंची टाळी मागे पडली. शेजारच्या यमुताईंनी लगेच वळून पाहिलं. यमुताईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

“काय झालं वं शामले? तुही टाळी चुकते म्हणजे घरात काहीतरी आहे.”

“काही नाही माय.”

“सुनेचं आहे का?” यमुताई जवळ सरकल्या. “मी बोलणार नव्हती. पण माहा भाचा विहंग परवा विमानानं आला. त्यानं पाहिली तिले. डिरेस घालून होती, पण काम कुठं करून राहिली? पाशिंजरच्या खुर्चीत बसून झोपली होती मस्त. आन् बाजूले कोण? एक डिरेसवाला माणूस!”

“झोपली होती?”

“तोंड उघडं टाकून. बाकीच्या पोरी पाणी वाटत होत्या आन् ही राणी झोपून राहिली. मले सांग, पगार कायचा भेटते मंग तिले?”

समोर बुवांना हार घातला जात होता. शामलाताईंच्या कपाळाला कोणीतरी बुक्का लावला, तोही त्यांना कळला नाही. जोड्या लावा. अ गटात आपली सून, ब गटात डिरेसवाला माणूस. शनिवारी अश्विन दोन दिवसांसाठी येणार होता. त्याला समोर बसवायचं आणि सगळं सांगायचं, असं त्यांनी तिथेच, रामाच्या समोर, ठरवून टाकलं. सुनेला विचारायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही.

*

शुक्रवारी वेदिका पुन्हा नटून सोफ्यावर. दुपारी काय झालं कोण जाणे, भरलेल्या मिरच्यांच्या तेलाचा हात तिच्या केसांना लागला. “अरे देवा, असा अंबाडा नाही चालणार,” म्हणत ती उठली.

“आई, मी पटकन केस धुऊन येते. फोन इथे ठेवलाय. वाजला तर लगेच हाक मारा हं. लगेच.”

“बरं.”

न्हाणीघराचं दार लागलं, नळ सुरू झाला आणि फोन वाजला. जणू तो दाराआड दबा धरून बसला होता. पडद्यावर नाव आलं. विक्रम.

मधुकरराव आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते. शामलाताईंनी न्हाणीघराकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. पदराला हात पुसले आणि फोन उचलला.

“हॅलो वेदिका, विक्रम बोलतोय. आवर पटकन. गाडी पाठवून राहिलो.”

“गाडी पाठवतं?” शामलाताईंचा आवाज असा चढला की खाप्याच्या नदीकाठी ऐकू जावा. चाळीस वर्षं शहरात राहून घासूनपुसून घेतलेली भाषा एका क्षणात गळून पडली. “कोणाच्या घरी गाडी पाठवतं गा तू? लग्न झालेली बाई आहे ते! नवरा आहे तिले, सासूसासरे आहेत! जोड्या बदलायचे धंदे करतं काय रे पोट्ट्या? हिची तिले आन् तिची हिले? तुले मायबाप आहेत का नाही?”

“काकू… काकू, मी क्रू शेड्यू…”

“क्रूर का क्रू तू जो असशील तो अस! ते नाही येणार! आज नाही, उद्या नाही, कधीच नाही! पुन्हा फोन केला तं तुह्या घरी येऊन तुह्या मायले सांगतो!”

फोन ठेवला. छाती कशी भरून आली होती. फोन पुन्हा वाजला. शामलाताईंनी तो सोफ्याच्या उशीखाली दडपला आणि वर बसल्या. उशीखाली तो थोडा वेळ गुणगुणला आणि गप्प झाला.

वेदिका केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. “फोन आला होता का आई?”

“नाही,” शामलाताई म्हणाल्या. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला सकाळी देवळात लावलेला बुक्का, आणि तोंडातून सरळ ‘नाही’ गेलं. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

“माझा फोन कुठे आहे?”

आता उठावं लागलं. वेदिकानं फोन पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग तसाच होता, गुलाबी, नीट. पण त्या रंगाखालचा चेहरा पांढरा पडला.

“आई, हा एक फोन उचललेला आहे. आणि हा एक नाही उचललेला.” ती अगदी हळू बोलत होती. “काय बोललात?”

“जे बोलायले पाहिजे तेच बोलली. मी काही आंधळी नाही, वेदिका. मले पेअरिंग समजते.”

“काय समजतं?”

“जोड्या! दोन रात्री बाहेर, तिचं मला दे, माझं तिला दे! मी आयकलं माह्या कानानं. आन् यमुताईच्या भाच्यानं पाहिलं तुले विमानात, डिरेसवाल्याच्या बाजूले झोपलेली!”

वेदिका सोफ्याच्या कडेवर बसली. टॉवेल सुटून ओले केस खांद्यावर पडले. ती हसेल की रडेल कळेना, आणि तिनं दोन्हीही केलं नाही.

“आई, पेअरिंग माणसांचं नसतं. फेऱ्यांचं असतं. नागपूरहून निघायचं, एक विमान, दुसरं विमान, कुठे मुक्काम, आणि फिरून नागपूरला परत यायचं. घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत जे काय होतं, त्याला आमच्यात पेअरिंग म्हणतात.”

शामलाताई तोंडाकडे बघत राहिल्या.

“आणि त्या दिवशी मी झोपले होते, कारण पहाटेपासून उडत होते आणि पुढचं विमान नागपूरहून होतं. तिथपर्यंत कंपनी आम्हाला प्रवाशाच्या खुर्चीत बसवून आणते. तीही ड्यूटीच. बाजूला कॅप्टन होते. माझ्या बाबांपेक्षा मोठे. ते तर घोरत होते.”

“आन् हा विक्रम?”

“विक्रमला मी पाहिलेलंसुद्धा नाही, आई. तो दिल्लीत बसतो. कोणाला कुठल्या विमानावर पाठवायचं, कोणाची विश्रांती झाली, कोणाची नाही, हे तो बघतो. शंभर मुलींना फोन करतो दिवसातून. मराठी आहे, म्हणून जरा मोकळं बोलता येतं.”

“मंग बाहेर जाऊन काहून बोलतं? गॅलरीत? उन्हात?”

“कूलर, आई! कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आणि ते फोन रेकॉर्ड होतात, दहादा ‘काय, काय’ केलं तर बरं दिसत नाही.”

कूलर घरघरत होता. इतका की आतून उठून आलेले मधुकरराव दारात केव्हा उभे राहिले, ते दोघींनाही कळलं नाही.

“आणि ते दोन रात्रींचं,” वेदिका आता फरशीकडे बघत म्हणाली, “ते उद्यापासूनचं होतं. अश्विन येतोय ना. तो दोन दिवस इथे आणि मी दोन रात्री दिल्लीत. म्हणून मी विक्रमच्या मागे लागले होते, प्रीतीचं मला दे म्हणून. तिची फेरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते. त्यानं बदलूनही दिलं होतं. तुम्हाला कसं सांगणार होते मी? लाज वाटली मला.”

मग मधुकरराव हळूच म्हणाले, “शामला, तू मध्यंतरालाच उठलीस गं.”

अर्ध्या कानाचे. शामलाताईंना आपलेच शब्द आठवले.

*

वेदिकानं फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि मधुकररावांनी कूलर बंद केला. खोलीत एकदम अशी शांतता झाली की भीती वाटावी.

“विक्रम, मी वेदिका.”

“वेदिका, उशीर झाला गं.” पलीकडचा आवाज तरुण होता, थकलेला होता. शामलाताईंच्या मनातल्या विक्रमचा तो आवाजच नव्हता. “तुझ्या जागी प्रीतीला उडवलं. तुला गैरहजर टाकावं लागेल. नुसता फोन उचलला नसता तर मी काहीतरी बघितलं असतं, पण उचलला गेला आणि… सरळ नकार आला.”

“मी नकार दिला नाही.”

“मला माहीत आहे. पण कागदावर तुझाच नंबर आहे. आमच्या वरिष्ठ अरुंधती मॅडम संध्याकाळी बघतील. आणि तुझा बेस कच्चा आहे.”

वेदिकानं डोळे मिटले. दिल्ली. शामलाताईंच्या डोळ्यांपुढे दाराशी ठेवलेली ती छोटी बॅग आली आणि मग ती तिथे नसलेलं दार आलं. अश्विनचा आवाज आठवला, तिला सांभाळून घे गं.

त्या टेबलाजवळ आल्या. “हे जे बोलतो ते लिहिल्या जाते का गा?”

“रेकॉर्ड होतं, काकू.”

“तुह्या मॅडम आयकतीन?”

“हो.”

“आई, राहू द्या,” वेदिका म्हणाली. “तुम्ही आधी बोललात तेही त्या ऐकणार आहेत.”

“म्हणूनच.” शामलाताईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. बुवा नमनाला उभे राहताना उपरणं सावरतात तसा. आणि त्या फोनशी बोलल्या, स्वच्छ आणि मोठ्यानं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं असं.

“मी शामला मधुकर बोंडे. वेदिकाची सासू. फोन मी उचलला. ती केस धुवायला गेली होती आणि मला सांगून गेली होती, हाक मारा म्हणून. मी मारली नाही. दुसरा फोन आला तो मी उशीखाली दाबला. ‘नाही येणार’ हे म्हणणारी मी, ती नाही. ती तर तयारच होती. आणि त्याआधी मी जे काही घाण बोलली, ते माझ्या डोक्यातलं होतं. तिच्या वागण्यातलं नाही. हे मॅडमनं ऐकावं. वाटलं तर दोनदा ऐकावं.”

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली.

“लिहितो, काकू,” विक्रम म्हणाला. आणि जरा थांबून, “तुम्ही कुठच्या? सावनेरकडच्या का?”

“खाप्याची. काहून?”

“मी रामटेकचा. माझी आजी अशीच शिव्या घालते. तुम्ही ‘पोट्ट्या’ म्हटलं तेव्हा मला आधी वाटलं घरूनच फोन आला.”

वेदिकाला हसू फुटलं आणि त्याबरोबर मघापासून अडलेलं पाणीही डोळ्यांतून आलं.

अरुंधती मॅडमचा फोन दिवे लागल्यावर आला. तेव्हा वेदिका गॅलरीत गेली आणि शामलाताईंनी मुद्दाम कूलर सुरू केला. ती आत आली ती मान डोलावत. बेस राहिला होता. लेखी ताकीद मिळाली होती. पुन्हा असं झालं तर दिल्ली.

“पण पेअरिंग गेलं,” ती म्हणाली. “प्रीती आज माझ्या जागी उडाली. आता तिची विश्रांती पूर्ण झाल्याशिवाय तिला पाठवता येत नाही, तसा नियमच आहे. त्यामुळे दोन रात्रींचं ते माझं मलाच परत आलं.”

“म्हणजे उद्या अश्विन येईन आन् तू…”

“तो उतरेल तेव्हा मी निघेन.”

शामलाताईंनी त्या रात्री रामासमोर हात जोडले, पण मागायचं काय तेच त्यांना सुचेना.

*

शनिवारी दुपारी त्या देवळाच्या पायऱ्या चढत होत्या तेव्हा अश्विनचा फोन आला. तो बंगळुरूच्या विमानतळावर होता.

“आई, हिची ड्यूटी ऐन वेळी कशी गं बदलली?”

“तिनं सांगितलं नाही का तुले?”

“काही नाही. ‘बदलली’ म्हणाली, बस. कारण विचारलं तर म्हणते, नंतर बोलू.” त्याचा आवाज खाली आला. “आई, खरं सांग. मी येणार म्हटलं की हिला ड्यूटी कशी निघते? काही आहे का घरात? तू बघतेस ना सगळं.”

तोच सूर. तीच अर्धी ऐकलेली गोष्ट. कालपर्यंत त्या याच प्रश्नाची वाट पाहत होत्या.

“अश्विन, आयक माह्यं…”

“बोर्डिंग सुरू झालं, ठेवतो.” फोन गेला.

तिनं सांगितलं नव्हतं. सासूचं नाव यायला नको म्हणून तिनं नवऱ्याचा रुसवा अंगावर घेतला होता. आणि आता तो सबंध रस्ता, आकाशातून, मनात अ गट ब गट मांडत येणार होता.

विमान यायला अजून वेळ होता. त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. केशवबुवांनी नमन धरलं. आज शामलाताईंची टाळी बरोबर पडत होती, पण नजर मनगटावरच्या घड्याळाकडे जात होती. पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला, बुक्का फिरू लागला, आणि शामलाताई उठल्या.

पेटीवाल्यानं मान वर करून पाहिलं. यमुताईंचा तर हात टाळीतच राहिला.

“शामले? कुठं चालली वं? कथा तं आता सुरू होईन!”

“विमानतळावर.”

“काहून? कोण येऊन राहिलं? कोण चाललं?” यमुताईंचे डोळे बारीक झाले. “आन् हे पिशवीत काय लपवून राहिली?”

“सुंठवडा आहे माय,” असं म्हणून त्या चपला शोधायला वाकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच, मध्यंतराला. पाठीवर यमुताईंची नजर टोचत होती. टोचू दे, त्या मनात म्हणाल्या.

बाहेर ओळखीच्या रुपरावची रिक्षा उभी होती. “सोनेगावले जायचं गा. विमानतळ.”

“कोणाले घ्यायचं हाये, ताई?”

“घ्यायचं बी आहे आन् सोडायचं बी. चाल लवकर.”

अश्विन बाहेर आला तो एकटाच, खांद्यावर बॅग, चेहरा ओढलेला. आईला पाहून तो चपापला. “तू? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. बस इथं.” त्याला त्यांनी एका खांबामागच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. कूलर, गॅलरी, जोड्या लावा, उशीखालचा फोन. एकही शब्द मऊ केला नाही. सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे मात्र त्यांना बघवेना. त्या समोरच्या पार्किंगकडे बघत राहिल्या.

“आणि तिनं मला हे काहीच सांगितलं नाही,” अश्विन शेवटी म्हणाला.

“माह्यं नाव येते ना त्याच्यात.”

तो उठला. तेवढ्यात पांढरी गाडी आली. वेदिका उतरली. अंबाडा बांधलेला, ओठ रंगवलेले, मागे ती छोटी बॅग. तिची नजर घड्याळावर होती, त्यामुळे तिला आधी अश्विन दिसलाच नाही. मग दिसला.

शामलाताईंनी सुंठवड्याचा डबा अश्विनच्या हातात कोंबला. “तिले दे. आन् चार शब्द बोल. लवकर, तिची हजेरी आहे.”

आणि त्या वळल्या. खांबाच्या पलीकडे जाऊन त्यांनी पाठ केली. वारा त्यांच्याच दिशेनं येत होता. दोघांचे आवाज कानावर येऊ लागले, तुकडे तुकडे. “…मला वाटलं…” “…वेडा आहेस का…” आणि मग तेच हलकं, गळ्यातल्या गळ्यातलं हसू.

शामलाताईंनी पिशवी काखेत मारली, डोळे मिटले आणि हलक्या आवाजात देवळातलं नमन सुरू केलं. टाळी धरली. गेटवरचा जवान बघू लागला, बॅगा ढकलणारी माणसं बघू लागली. त्या थांबल्या नाहीत. टाळी अगदी समेवर पडत होती, आणि त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.